शिशाच्या पलटणीचा जुना रंग

१९८७ साली इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने ‘वॉरहॅमर ४०,००० : रोग ट्रेडर’ हा खेळ बाजारात आणला आणि त्याच सुमारास प्लास्टिकच्या तीस सैनिकांचा एक खोका विकायला ठेवला. आरटीबी०१ हा त्याचा कंपनीतला क्रमांक. जुने खेळाडू आजही तो खोका त्याच नावाने ओळखतात. चोचीसारखी पुढे आलेली शिरस्त्राणे घातलेले हे ‘स्पेस मरीन’ त्या काळच्या शाळकरी पोरांनी खाऊच्या पैशांतून घेतले, टेबलावर वर्तमानपत्र अंथरून रंगवले, मनसोक्त खेळले आणि पुढे कॉलेज-नोकरीच्या धबडग्यात पोटमाळ्यावर टाकले. ती पोरे आता पन्नाशीच्या आसपास आहेत. हाताशी थोडा वेळ आला, तसे खोके खाली आले. उघडून पाहावे तर रंग जाडाभरडा, डोळे तिरळे, कोपऱ्यांवरचे टवके उडालेले. मग प्रश्न पडतोच : हे सगळे पुन्हा रंगवायचे, की आहे तसे ठेवायचे?

प्रश्न एका खेळापुरता नाही. वॉटर्लूच्या पलटणी, रोमन लिजन, दुसऱ्या महायुद्धातले रणगाडे अशा फौजा बाळगणारा प्रत्येक जण कधी ना कधी इथे येऊन थबकतो. मराठी वाचकाला हे सैनिक डोळ्यांसमोर आणायचे तर दिवाळीच्या किल्ल्यावरचे मावळे आठवावेत. फरक इतकाच, की इथले शिपाई साधारण २८ मिलिमीटर उंचीचे असतात, शेकड्यांनी असतात, आणि टेबलावर फासे, मोजपट्टी व नियमांच्या पुस्तकाच्या आधारे त्यांची लढाई खरोखर लढली जाते. ते विकले जातात बिनरंगी. रंगवण्याचे काम ज्याचे त्याने करायचे, आणि वादाचे मूळ नेमके इथे आहे.

खेळण्यातल्या सैनिकांच्या संग्राहकांना हा वाद पडत नाही. लंडनच्या ब्रिटन कंपनीने १८९३ पासून शिशाचे पोकळ ओतीव सैनिक बनवले. तापलेले शिसे साच्यात फिरवून मधले ओतून टाकायचे, म्हणजे धातू कमी लागतो आणि किंमत उतरते, ही त्यांची युक्ती. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटिल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले ते हेच सैनिक डोळ्यांपुढे ठेवून. त्यांच्या खेळात फासे नव्हते. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळा उडवायचा आणि समोरचे सैनिक खरोखर आडवे करायचे. रंगाचे टवके उडणे हा त्या खेळाचा भागच होता. शिशाच्या या सैनिकांचे उत्पादन १९६६ मध्ये थांबले. आज त्यांच्या बाजारात नियम सरळ आहे : रंग कारखान्यातला असेल तर मोल, वर कोणी हात फिरवला असेल तर मोल घसरले. रंग हा त्या वस्तूचाच भाग मानला जातो.

युद्धखेळातल्या सैनिकाला असा ‘मूळ’ रंगच नसतो. तो कोणीतरी रात्री जागून दिलेला असतो. म्हणून इथे पहिली चौकशी करायची ती रंग चांगला की वाईट याची नव्हे, तर तो कोणाच्या हातचा आहे याची. स्वतःच्या लहानपणीच्या हातचा? गेलेल्या मित्राच्या? नावाजलेल्या रंगवणाऱ्याच्या? की बाजारातून किलोने घेतलेल्या मालातल्या कोण्या अनोळखी माणसाच्या? या चौघांना एकच उत्तर लागू करणे चूक आहे, आणि बहुतेक सल्ले ते तसे लागू करतात म्हणूनच फसतात.

आता ‘वाईट रंगकाम’ म्हणजे काय, हेही तपासायला हवे. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक आले. साउदॅम्प्टन फुटबॉल क्लबमध्ये फिजिओथेरपी करणाऱ्या या गृहस्थांनी ब्रिटनमधल्या विखुरलेल्या खेळाडूंना एकत्र आणले. १९७१ मध्ये चार्ल्स ग्रँट यांच्या ‘द वॉर गेम’ने अठराव्या शतकातल्या मोठमोठ्या पलटणी टेबलावर उभ्या केल्या. स्पेन्सर स्मिथचे साधे प्लास्टिकचे शिपाई, एका बटालियनमध्ये चाळीस-पन्नास. त्या पिढीकडे हंब्रोलचे एनॅमल रंग होते. सपाट लाल, सपाट निळा, पांढरे पट्टे, आणि वर चकचकीत वार्निश. सावली नाही, उजळ कडा नाहीत. हाताळून हाताळून रंग झिजू नये म्हणून वार्निश लागे, आणि तीन-चार फुटांवरून पाहताना ती चकाकी पलटणीला शोभूनही दिसे. आजच्या नजरेला ते कच्चे वाटते, पण ते हेतुपूर्वक निवडलेले होते.

ऐंशीच्या दशकात पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग हाताशी आले आणि गणित बदलले. रंग मिनिटांत वाळू लागला, थरावर थर चढवता येऊ लागले. गेम्स वर्कशॉपच्या नियतकालिकात ‘एव्ही मेटल’ चमूच्या सैनिकांचे मोठे फोटो छापून येऊ लागले. १९८७ पासून गोल्डन डेमन ही रंगकामाची स्पर्धा सुरू झाली. सैनिक आता तीन फुटांवरून नव्हे, छापील फोटोत दुप्पट-तिप्पट मोठा करून जोखला जाऊ लागला. ब्रिटनमधल्या केव्हिन डॅलिमोर यांनी गडद, मधला आणि फिकट अशा तीन छटांची पद्धत लोकप्रिय केली. २०१९ मध्ये गेम्स वर्कशॉपने ‘काँट्रास्ट’ रंग आणले. एकाच हातात खळग्यात गडद आणि उंचवट्यावर फिकट बसणारा हा पातळ रंग. दर पंधरा-वीस वर्षांनी आधीचे काम जुनाट दिसू लागते, याचा अर्थ आधीच्यांना रंगवता येत नव्हते असा होत नाही. डोळ्याची सवय बदललेली असते. आज रंगवलेलेही २०४० मध्ये असेच खुपणार आहे, हे ओळखूनच ब्रश उचलावा.

एखादा सैनिक हातात घेऊन नीट पाहिला की हे जास्त कळते. समजा, १९९० च्या आसपास रंगवलेला शिशाचा एक ऑर्क, म्हणजे हिरव्या अंगाचा राक्षसी शिपाई, आहे. पायाखालच्या चौकोनी बेसची कड भडक हिरवी, त्या काळच्या ‘गॉब्लिन ग्रीन’ नावाच्या रंगाची. वर त्याच रंगाच्या डिंकावर भुरभुरलेला हिरवा भुसा. अंगाचा हिरवा आणि बेसचा हिरवा सारखाच असल्यामुळे पावले कुठे संपतात ते दिसत नाही. जाकीट तांबडे, दोन हातांत दिलेले, आणि दुसरा हात पहिला पुरता वाळायच्या आत दिल्यामुळे ब्रशचे केस ओढल्याच्या रेघा तशाच राहिलेल्या. घडीमध्ये वार्निश साचून पिवळे पडलेले. पण ढालीकडे पाहावे. तिथे हाताने काढलेला चंद्र आहे, नाक लांबडे, एक डोळा मिटलेला. त्या मुलाने बाकी सगळे उरकले होते आणि ढालीवर मात्र अख्खी संध्याकाळ बसला होता. अंगावरचा रंग उतरवणाऱ्या द्रावणात हा चंद्रही जाणार. ऑर्क पुन्हा उत्तम रंगवता येईल. तो चंद्र पुन्हा येणार नाही, कारण तसा काढणारा तेरा वर्षांचा हात आता नाही.

तरीही पुन्हा रंगवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांची कारणे पोकळ नाहीत. एनॅमलचे तीन थर चढलेल्या चेहऱ्यावर शिल्पकाराने कोरलेले काही उरत नाही. पेरी बंधूंसारख्यांनी घडवलेले बारकावे त्याखाली बुजून जातात, आणि तो शिल्पकारावरही अन्यायच आहे. शिवाय अनेकांना खेळण्यापेक्षा रंगवण्यातच गोडी असते. त्यांच्यासाठी पुन्हा रंगवणे हे काम नसून तीच मौज आहे, आणि ती कोणी हिरावून घेऊ नये. तिसरे कारण माहितीचे. जुना रंग निव्वळ चुकीचा असू शकतो.

याचे गाजलेले उदाहरण उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातले. १९४० आणि ४१ मध्ये ब्रिटिश रणगाड्यांवर तिरक्या, सरळ कडांच्या पट्ट्यांची ‘काँटर’ रंगयोजना होती, ब्रिगेडियर काँटर यांच्या नावाने ओळखली जाणारी. त्यातला एक पट्टा फिकट निळा होता असे कित्येक दशके मानले गेले. संग्रहालयांत नव्याने रंगवलेल्या रणगाड्यांनी तो समज पक्का केला आणि जगभरचे छोटे मटिल्डा रणगाडे निळे झाले. पुढे माइक स्टार्मर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मूळ आदेश आणि रंगांचे नमुने तपासून दाखवले की तो ‘सिल्व्हर ग्रे’, म्हणजे हिरवट झाक असलेला राखाडी होता. रोमन सैनिकांच्या अंगरख्याचेही तसेच. सरसकट लाल रंगवण्याची रूढी होती. ग्रॅहम समनर यांनी चित्रे आणि अवशेषांवरून लाल आणि पांढरट असे दोन्ही रंग मांडले, आणि अनेकांना आपल्या लिजनकडे नव्याने पाहावे लागले.

पण अचूकतेचे कारण पुरावा पक्का असेल तिथेच चालते. आपल्याकडची असईची लढाई घ्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेशी झुंज घेतली, ती ब्रिटनमधल्या टेबलांवर आवडीने खेळली जाते. वेलस्लीकडच्या ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलंडर पलटणींच्या कॉलर-बाह्यांचे रंग लेखी सापडतात. युरोपीय सेनानी द बॉयनने उभारलेल्या परंपरेतले, त्या दिवशी पोलमनच्या हाताखाली लढलेले शिंद्यांचे कवायती कंपू कसे दिसत, हे ठरवताना मात्र विखुरलेली वर्णने आणि मोजकी चित्रे यांवर विसंबावे लागते. मराठी घोडदळ तर एका रंगाचे नव्हतेच. ज्याचा घोडा त्याचा, ज्याचे पागोटे त्याचे. वीस वर्षांपूर्वी कोणी मराठी स्वार रंगीबेरंगी रंगवले असतील तर ते आज ‘चूक’ म्हणून खरवडून काढण्याला आधार नाही. एका तर्काच्या जागी दुसरा तर्क येईल, इतकेच.

रंगाच्या चर्चेत धातू विसरला जातो, आणि काही वेळा निर्णय तोच घेऊन टाकतो. जुन्या सैनिकांत शिशाचे प्रमाण मोठे असे. १९९३ च्या सुमारास अमेरिकेत शिशाविरुद्ध कायद्याची हवा तयार झाल्यावर राल पार्था कंपनीने मिश्रधातू बदलला, आणि गेम्स वर्कशॉपच्या सिटाडेलने १९९७ च्या सुमारास शिसे सोडले. त्याआधीच्या सैनिकांना एक रोग जडतो. ओक, प्लायवूड, एमडीएफ अशा लाकडांतून आणि त्यांच्या गोंदांतून ॲसेटिक आम्लाची वाफ हळूहळू सुटत असते. बंद कपाटात ती साठते, शिशाशी संयोग पावते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचे पांढरे कार्बोनेट होते, आणि मोकळे झालेले आम्ल पुन्हा धातूला भिडते. घोट्याशी, संगिनीच्या मुळाशी, बेसच्या खालच्या बाजूला पांढरी भुकटी धरलेली दिसली की समजावे. ही भुकटी विषारी असते. ती कोरड्या ब्रशने झटकू नये, ओल्या फडक्याने पुसावी, हातमोजे घालावेत. अशा सैनिकाचा रंग उतरवणे, धातू साफ करून पुन्हा प्रायमर चढवणे आणि त्याला हवा खेळणाऱ्या धातूच्या किंवा काचेच्या कपाटात हलवणे, याला पर्याय नाही. इथे भावनेला थारा देऊन चालत नाही.

उलट बाजूही आहे. शाबूत असलेला जुना रंग शिशाला वाफेपासून काही प्रमाणात वाचवतो. केवळ आवडत नाही म्हणून तो उतरवला आणि नंतर कंटाळा येऊन सैनिक उघड्या धातूनिशी वर्षभर डब्यात पडला, तर रोगाला दार उघडून दिल्यासारखे होते. आणि असे अर्धवट सोडलेले डबे या छंदात घरोघरी आहेत.

रंग उतरवण्याचे ब्रिटनमधले घरगुती औषध म्हणजे आपल्याकडेही प्रत्येक घरात असणारे तपकिरी डेटॉल. पाणी न घालता त्यात सैनिक रात्रभर बुडवले की ॲक्रिलिक आणि बरेचसे एनॅमल मऊ पडते आणि जुन्या टूथब्रशने निघते. खोच एकच : घासताना पाणी लागले तर रंगाची चिकट, काळपट राळ होते आणि ती फटींत घट्ट बसते. म्हणून पहिली धुलाई डेटॉलमध्येच करायची, पाणी अगदी शेवटी. अमेरिकेत ‘सिंपल ग्रीन’ आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात. ॲसिटोन शिशाला चालते, पण पॉलिस्टायरीनच्या सैनिकाचा त्यात चिखल होतो. रेझिनवर काहीही वापरण्याआधी एका नगावर चाचणी घ्यावी. जुन्या एनॅमलमध्ये शिशाची रंगद्रव्ये असू शकतात, त्यामुळे कोरड्या रंगावर सँडपेपर मारणे टाळावे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात ९० भागांची मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीचे डबे अजूनही कपाटांत आहेत.

एअरफिक्सच्या मऊ पॉलिथिन सैनिकांची गोष्ट वेगळी. १९५९ पासून आलेल्या या सैनिकांवर रंग मुळातच नीट धरत नसे. बंदूक वाकली की पोपडे निघत. आता तर प्लास्टिकच ठिसूळ झाले आहे, घासायला गेले तर संगीन आणि मनगट हातात येते. त्यांना शक्यतो हातच लावू नये.

या टोकांच्या मधे बरीच मोकळी जागा आहे, आणि व्यवहारात शहाणपण तिथेच सापडते. पहिले काम धुलाईचे. कोमट साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने पंचवीस वर्षांची धूळ निघाली की अर्धे सैनिक अचानक बरे दिसू लागतात. दुसरे, बेस. नजर सैनिकाआधी त्याच्या पायाखालच्या जमिनीवर जाते. भडक हिरव्या कडा तपकिरी केल्या, त्याच मातीचे आणि गवताचे बेस जुन्या-नव्या सगळ्यांना दिले, तर तीन वेगळ्या हातांनी तीन दशकांत रंगवलेली फौज एकसंध वाटते. बेस तसाही अनेकदा बदलावाच लागतो. गेम्स वर्कशॉपने २०१५ च्या सुमारास स्पेस मरीनचे गोल बेस २५ वरून ३२ मिलिमीटरवर नेले, आणि २०२४ मध्ये आलेल्या ‘द ओल्ड वर्ल्ड’ने कित्येक पायदळी पलटणींचे बेस २० वरून २५ वर नेले. त्या निमित्ताने जमीन नवी करावी आणि अंगावरचा रंग राहू द्यावा. तिसरे, जुन्या रंगावरच पातळ तपकिरी वॉश. डेन्मार्कच्या आर्मी पेंटर कंपनीचे रंगीत वार्निश ‘क्विकशेड’ हेच काम करते. खळग्यांत सावली बसते आणि सपाट रंगाला जीव येतो. गरज वाटली तर चेहरा आणि हात तेवढे नव्याने करावेत, कारण माणूस पाहतो तो चेहरा. झेंडे कागदाचे असतील तर नवे चढवावेत.

शेवटी वार्निश. मुंबईत किंवा कोकणात हे काम करणाऱ्यांनी पावसाळ्यात मॅट स्प्रे हातात घेऊ नये. दमट हवेत तो पांढुरका धरतो आणि अख्खी पलटण धुक्यात उभी असल्यासारखी होते. तसे झालेच तर वरून चकचकीत वार्निशचा एक हात दिला की बहुधा रंग परत दिसू लागतात.

वेळेचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. एका शिपायाला रंग उतरवण्यापासून वार्निशपर्यंत दीड तास धरला, तर तीनशेच्या फौजेला साडेचारशे तास लागतात. आठवड्याला चार तास मिळणाऱ्या नोकरदाराला ती दोन वर्षांहून जास्त काळ पुरेल. त्या दोन वर्षांत फौज ना टेबलावर, ना कपाटात. वीस-चोवीस जणांची एक पलटण चाचणी म्हणून घेऊन तिचे पूर्ण काम करावे, जुन्यांशेजारी ती उभी करावी आणि मगच बाकीच्यांचे ठरवावे. बऱ्याच जणांचा उत्साह त्या एका पलटणीतच फिटतो, आणि त्यात गैर काही नाही.

काही सैनिकांच्या बाबतीत मात्र ठाम नकारच द्यायला हवा. गॅरी गायगॅक्स यांनी हाँगकाँगमध्ये बनलेली प्लास्टिकची स्वस्त खेळणी टेबलावर राक्षस म्हणून वापरली, आणि त्यांतूनच त्यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातला रस्ट मॉन्स्टर हा राक्षस जन्मला. असे खेळणे सुबक करायला कोणी ब्रश उचलला तर तो इतिहास पुसेल. जर्मनीत कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यातल्या संग्रहालयात कथलाच्या लाखो आकृती आहेत. त्यांचे मोल कोरीवकामाइतकेच त्या त्या काळच्या हाताच्या रंगात आहे. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली ती चर्चच्या भिंतींवरचा जुना गिलावा ‘जीर्णोद्धारा’च्या नावाखाली खरवडला जात होता म्हणून. पुढच्या काळातल्या संग्रहालयशास्त्राने त्यातून साधा निकष घेतला : जे केले ते परत उलटवता येते का? बेस बदलणे उलटवता येते, झेंडा बदलणे उलटवता येते. रंग उतरवणे येत नाही. नावाजलेल्या किंवा दिवंगत माणसाच्या हातचे काम असेल तर हा निकष आवडीनिवडीच्या वर ठेवावा. बाजारातून किलोने आलेल्या अनाम मालाला तो इतका कडक लावायचे कारण नाही. तिथे डेटॉलचा डबा खुशाल काढावा.

गेल्या काही वर्षांत या पेचातून सुटायला आणखी एक वाट निघाली आहे. जुने साचे पुरते मेलेले नाहीत. वॉरगेम्स फाउंड्री ऐंशी-नव्वदच्या दशकांतले कितीतरी सैनिक आजही ओतून विकते. गेम्स वर्कशॉप अधूनमधून ठरावीक मुदतीत मागणी घेऊन जुने धातूचे सैनिक पुन्हा काढते. ज्याला तोच ऑर्क आज अंगी आलेल्या कौशल्याने रंगवायचा आहे, त्याला कोरी प्रत मिळू शकते. मग जुना ऑर्क धुऊन, त्याच्या बेसखाली रंगवणाऱ्याचे नाव आणि साल बारीक पेनाने लिहून, नव्याच्या शेजारी त्याच रांगेत उभा करता येतो, आणि पुढच्या डावात दोघेही खेळतात.